परसातील बिननावाचे आयरिस: ओळख, लागवड आणि कंदकूज

माहेरून किंवा जुन्या वाड्यातून आणलेल्या, तलवारीसारख्या पानांच्या, आयरिस म्हटल्या जाणाऱ्या फुलझाडाच्या कंदाची जात कोणती, पावसाळ्यात तो का कुजतो आणि कृषी केंद्राने दिलेले औषध ओतावे काय, असे प्रश्न अनेक शेतकरी भगिनींनी विचारले आहेत.

नुसत्या पानांवरून जात ठरवू नये. फूल येईपर्यंत थांबावे. विदर्भातील परसांत आढळणाऱ्या अशा झाडाला पावसाळ्यात केशरी, लाल ठिपक्यांची, सहा सारख्या पाकळ्यांची फुले येत असतील, प्रत्येक फूल एकच दिवस टिकून सुकताना पिळल्यासारखे होत असेल आणि बोंड उकलल्यावर काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसत असेल, तर ते बेलमकांडा होय. या झाडाचा समावेश शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये आयरिस कुळातून थेट आयरिस प्रजातीतच केला. पांढऱ्या-निळ्या फुलांचे आणि फुलाच्या दांड्यावरच पिल्लू (छोटे रोप) धरणारे झाड म्हणजे निओमारिका. ते आयरिसच्या कुळातले असले तरी आयरिस नव्हे. वेखंडही असेच दिसते, पण त्याच्या पानाला स्पष्ट उंच शीर असते आणि पान चुरगळल्यास उग्र वास येतो. बेलमकांड्यात ही दोन्ही लक्षणे नसतात. ओळख पक्की नसताना कोणताही कंद वेखंड समजून बाळाच्या गुटीत उगाळू नये, कारण आयरिसच्या कंदाने उलट्या होतात.

आता कुजण्याविषयी. भारी काळ्या जमिनीत सपाट लावलेला कंद श्रावणात मऊ पडून घाण वास मारू लागतो. ही बहुधा जिवाणूजन्य मऊ कूज असते आणि तिचे खरे कारण साचलेले पाणी हे आहे. कृषी केंद्राचा दुकानदार यावर बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकत्र करून देतो. ते घेऊ नये. सामान्य बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही, टॉनिकने कूज थांबत नाही आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फवारणीतून उरलेले कीटकनाशक अंगणात, जिथे लेकरे खेळतात तिथे, ओतण्याचे तर काहीच कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. दुकानदाराला माल खपवायचा असतो, कंद वाचवायचा नसतो.

युरियाचेही तेच. पाने पिवळी दिसताच मूठभर युरिया टाकला जातो. त्याने पाने लुसलुशीत होतात, कंद मऊ राहतो आणि कूज अधिक वेगाने पसरते. युरिया टाकू नये, थोडाही टाकू नये. चांगले कुजलेले शेणखत वर्षातून एकदा, तेही कंदाला न चिकटवता, पुरेसे आहे.

माझा आग्रह गादीवाफ्याचा आहे. वीतभर उंच वाफा करून त्यात मुरूम किंवा जाडी वाळू मिसळावी आणि कंदाची पाठ मातीच्या वर दिसेल असा तो लावावा. हळदीसारखा खोल गाडू नये. कुजलेला भाग टणक गर लागेपर्यंत कापून जाळावा, उरलेला कंद दोन दिवस सावलीत सुकवावा आणि मगच नव्या जागी लावावा. कंद फोडण्याची वेळ पाऊस सरल्यानंतरची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची आहे. मृगाच्या सरी पडताच सगळे लावतात म्हणून हाही कंद तेव्हाच फोडणे चुकीचे आहे, कारण ताज्या जखमेत चार महिन्यांचा ओलावा शिरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली आणि माफक पाणी द्यावे. प्रत्येक झुडपाशी फुलाचा रंग व कंद कोणाकडून आणला ते लिहिलेली पाटी रोवावी आणि एक फोड शेजारी द्यावी, म्हणजे एका पावसाने जुने वाण संपणार नाही.

चित्रात दाखवून विकले जाणारे निळे, दाढीचे (पाकळीवर दाढीसारखे केस असलेले) आयरिस मागवू नये. काश्मीरच्या कबरस्तानांत फुलणाऱ्या त्या झाडाला कळी धरण्यासाठी लांब थंडी लागते. आपल्याकडे पाने येतील, फूल क्वचितच.

अनुदानाचे विचाराल तर कंदवर्गीय फुलांच्या क्षेत्रावरील लागवडीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो; परसातील चार झुडपांसाठी नाही.