मिसरूड आणि पाठीवरचा पंप

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे, आठवीत शिकतो. वर्गातल्या पोरांना मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय. हा अजून पाचवीतल्यासारखाच दिसतो. दोन वर्षं झाली, सुट्टीत वडिलांबरोबर उसाला तणनाशक मारायला जातो, पंप पाठीवर घेतो. गाव पंचगंगेच्या काठावर. उन्हाळ्यात बंधाऱ्यात मासे मरून तरंगतात. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर त्याचं रक्त तपासलं, टेस्टोस्टेरॉन कमी आलं. हे औषधामुळं झालं का? तालमीतले एक जण इंजेक्शनचा कोर्स करा म्हणतात.
– एक आई, करवीर तालुका

उत्तर : ताई, आधी तो रिपोर्ट बाजूला ठेवा. वयात येऊ लागलेल्या मुलात हे हार्मोन रात्री झोपेत वाढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. शाळा सुटल्यावर काढलेल्या रक्तात ते कमी दिसणारच. तपासायचंच झालं तर सकाळी आठच्या सुमारास.

मुलगे नऊ ते चौदा या वयात केव्हाही वयात यायला लागतात, आणि सुरुवात मिशीपासून होत नाही. आधी वृषण वाढतात, आणि ते आईला कळायचं नाही. माझ्या टेबलाच्या खणात बारा मण्यांची एक माळ असते, एक मिलिलिटरपासून पंचवीसपर्यंतची. चार मिलिलिटरच्या मण्याएवढं वृषण झालं, की वयात येणं सुरू झालं असं आम्ही धरतो. मिसरूड त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. चौदा पूर्ण होऊनही काहीच हालचाल नसेल तर हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, हार्मोन, अशा पुढच्या तपासण्या. पुष्कळदा उत्तर घरातच सापडतं : वडिलांचीही उंची अकरावी-बारावीतच वाढलेली असते.

आता औषधाचं. तण मारणाऱ्या विषालाही आपण औषधच म्हणतो, म्हणून पोरांना त्याची भीती वाटत नाही. मला हा शब्द फार सलतो.

तुमची शंका खुळी नाही. केरळातल्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ आकाशातून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. त्या बागांच्या पायथ्याच्या एका गावातले १० ते १९ वर्षांचे ११७ मुलगे आणि अशी फवारणी न झालेल्या गावातले ९० मुलगे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तपासले. निष्कर्ष २००३ साली छापून आले. फवाऱ्याखाली वाढलेले मुलगे वयाच्या मानानं मागे होते, टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त. एलएच हे हार्मोन म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीनं वृषणाला मारलेली हाक. हाका वाढत होत्या, पण ओ नीट मिळत नव्हती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली.

म्हणून तुमच्या मुलाचं तसंच झालंय, असं मी म्हणणार नाही. तुमच्या उसावरचं रसायन वेगळं आहे. शिवाय शंभर मुलांत दिसलेला कल एका मुलाला चिकटवता येत नाही. त्याचं रक्त तपासून ‘हे फवारणीनंच झालं’ असं कुणीही सांगू शकणार नाही. पण पंप मात्र त्याच्या पाठीवरून आजच उतरवा. त्यासाठी मला कुठलाच रिपोर्ट नको.

मी भुदरगडची, शेतकऱ्याची मुलगी. नोझल तुंबलं की माझे वडील ते तोंडानं फुंकायचे. पंप गळून सदरा पाठीला चिकटलेला असायचा आणि आई तोच सदरा आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर बुचकळायची. औषधाचा मोकळा डबा धुऊन त्यात जनावरांचं मीठ ठेवलेलं मला आठवतं. आम्हा भावंडांना तो डबा उचलून आणायला सांगायचे.

तेव्हा मुलानं औषध कालवायचं नाही, मारायचं नाही, मारलेल्या वावरात त्या दिवशी पाय ठेवायचा नाही. वडिलांनी आल्याआल्या अंघोळ करावी, त्यांचे कपडे वेगळे धुवावेत. मोकळे डबे घरात वापरू नका.

नदीत मासे मरतात ते बहुतेक वेळा मैलापाणी आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळं. ते पाणी उकळल्यानं काविळीचे जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. शुद्धीकरण केलेलं नळाचं पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी तेच भरा, आणि मरून तरंगणारे मासे घरी आणू नका.

तालमीतल्या त्या गृहस्थांना हात जोडून नाही म्हणा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू एलएच पाठवणं थांबवतो, वृषण आक्रसतात, आणि हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची कायमची खुंटू शकते. तालमीत जायचं तर जाऊ दे, जोर-बैठका मारू दे, घरचं दूध पिऊ दे.

मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत वडिलांना पाठवा. या वयाचा मुलगा आईसमोर कपडे काढायला लाजतो. शाळेत दरवर्षी उंची-वजन घेतलं असेल तर त्या नोंदी उतरवून आणा, आणि वडील उसाला जे जे मारतात त्याची नावं डब्यावरून लिहून आणा.