१९व्या शतकातल्या बेसबॉलचे आकडे वाचायचे कसे

प्रश्न असा आहे: १८७०च्या आसपासच्या स्कोअरकार्डांत एकेका संघाच्या तीस-चाळीस धावा, एकच पिचर (चेंडू टाकणारा) अख्खा हंगाम ओढतोय, १८८७ला कुणाची सरासरी (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठला) चक्क .४९२. खरं की कुणी फुगवलंय?

खरं आहे. पण तो खेळ आजचा नव्हे. आकडा बघण्याआधी त्याचं साल बघा आणि त्या सालचा नियम बघा.

धावांचं आधी. १८६९चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे पगारी संघ. दहा खेळाडू, त्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइटला हंगामाचे १४०० डॉलर. समोर बहुतेक वेळा गावोगावचे हौशी क्लब, मग धावांचा पाऊस पडणारच. तगडा संघ भेटला की चित्र बदलायचं: त्याच वर्षी १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्सविरुद्ध फक्त ४-२.

दुसरं कारण म्हणजे उघडे हात. १८७५मध्ये चार्ली वेटने पातळ ग्लोव्ह घातला, तोही कातडीच्या रंगाचा, कुणाला दिसू नये म्हणून! कॅचरच्या (बॅटरमागे उभा राहून चेंडू झेलणाऱ्याच्या) जाळीच्या मुखवट्याचं पेटंट १८७८चं. त्याआधी कॅचर बराच मागे उभा राहून चेंडू टप्प्यावर घ्यायचा. तेव्हा कार्डात एररचा, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा, रकाना जरूर बघा. निम्म्याहून जास्त धावा क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे आलेल्या असतात, हे सर्रास दिसतं. नुसत्या धावा बघून पिचरला नावं ठेवू नका.

आता पिचर. विल व्हाइटने १८७९मध्ये सिनसिनाटीसाठी ७५ सामने सुरू केले, ७५ही पूर्ण केले, ६८० इनिंग्ज टाकल्या. चष्मा लावून, बरं का. हे जमलं कारण तेव्हा हात कमरेखालूनच आणावा लागे, त्यामुळे खांद्यावर आजच्याइतका ताण नव्हता. खांद्यावरून टाकायची मोकळीक नॅशनल लीगने (पगारी संघांच्या स्पर्धेने) १८८४ला दिली. पिचर ते बॅटर अंतर १८८०पर्यंत ४५ फूट, १८८१पासून ५० आणि आजचे ६० फूट ६ इंच थेट १८९३ला. शिवाय १८८६पर्यंत चेंडू उंच हवा की खाली, हे बॅटर आधीच सांगायचा आणि अंपायर तोच पट्टा धरायचा. ४५ फुटांवरून टाकणाऱ्याची चैन होती असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

फलंदाजीतला सगळ्यात फसवा आकडा रॉस बार्न्सचा: शिकागोकडून १८७६मध्ये .४२९, पुढच्या वर्षी .२७२. १८७६पर्यंत चेंडूचा पहिला टप्पा रेषेच्या आत पडला की तो फेअर (वैध), मग तो पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडेच बाहेर पळाला तरी. बार्न्स बॅट अशी तिरकी लावायचा की चेंडू समोरच आपटून फिरकी घेत बाहेर जायचा आणि क्षेत्ररक्षक त्यामागे धावत सुटायचा. १८७७ला ही पळवाट बुजवली. मात्र घसरणीचं सगळं खापर नियमावर फोडू नये. त्या हंगामात तो आजारी होता आणि बराच काळ खेळलाच नाही.

१८६०च्या दशकातली कार्डं काढलीत तर हिट्स शोधू नका. नावापुढे बहुधा दोनच रकाने असतात, किती वेळा बाद आणि किती धावा. क्रिकेट बघणाऱ्याला हे पटकन उमगेल. आकडेवारीची घडी बसवणारा हेन्री चॅडविकही मूळचा इंग्लंडचाच. बादच्या रकान्याची बेरीज करा. नऊ इनिंग्जची २७ यायला हवी, दोन्ही संघांची, कारण दुसरा संघ पुढे असला तरी नववी इनिंग पूर्ण खेळवत. २७ येत नसतील तर सामना अंधाराने वा पावसाने आखडलाय का ते बघा, नाहीतर छपाईची चूक समजा. जादा इनिंग्ज असतील तर प्रत्येकी तीन वाढवा. रेड स्टॉकिंग्जची विजयमालिका तोडणारा १४ जून १८७०चा ब्रुकलिनमधला सामना अकरा इनिंग्ज चालला, अटलांटिक्स ८-७. तिथे सिनसिनाटीचे बाद ३३.

हंगामाच्या विजयांची तुलना करताना सामने मोजा. १८७१च्या नॅशनल असोसिएशनमध्ये, म्हणजे नॅशनल लीगआधीच्या पगारी संघांच्या स्पर्धेत, १० डॉलर भरले की प्रवेश. ठरलेलं वेळापत्रक नव्हतं, सामने क्लबांनीच आपसात जुळवायचे, आणि काही क्लब हंगाम संपायच्या आतच गायब. १८७६ला नॅशनल लीग आली, तरी पहिल्याच वर्षी म्युच्युअल्स आणि फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्सनी शेवटचा पश्चिमेचा दौरा टाळला. दोघांनाही काढून टाकलं.

राहता राहिला .४९२. तो सेंट लुईसच्या टिप ओनीलचा. १८८७ या एकाच वर्षी तीनऐवजी चार स्ट्राइकवर (चेंडू हुकला वा योग्य चेंडू सोडला की स्ट्राइक) बाद होता आणि वॉकही (पिचरने ठरावीक चुकीचे चेंडू, म्हणजे बॉल, टाकल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस) हिट म्हणून मोजत. वॉकला तेव्हा पाच बॉल लागत, चारचा नियम १८८९चा. वॉक वगळले की ओनीलचे उरतात .४३५. जुन्या यादीत एक आणि नव्या यादीत दुसरा आकडा दिसला, तर दोन्ही त्याच हंगामाचे आहेत.