वाचकांचे प्रश्न : स्कॉटलंडची डोंगरवाट आणि कोकणातल्या पावसाची सवय

प्रश्न : आम्ही उभयतांनी पन्नाशी ओलांडली असून देवगडजवळ आमची आंब्याची बाग आहे. मुलगा ग्लासगो येथे शिकतो. त्याच्यासोबत ‘वेस्ट हायलँड वे’ ही वाट पायी चालण्याची फार इच्छा आहे. आंब्याचा हंगाम आटोपल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये जावे आणि सात दिवसांत वाट पुरी करावी, असा बेत आहे. पावसाची आम्हांला जन्मापासून सवय असल्याने त्याची चिंता वाटत नाही. हा बेत योग्य आहे का, आणि तयारी कशी करावी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बेत जरूर करा, परंतु महिना, दिवसांची संख्या आणि पावसाविषयीचा विश्वास या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. पावसापासून सुरुवात करतो, कारण कोकणातल्या माणसाची फसगत नेमकी तेथेच होते. आपल्याकडे जुलैतला धो धो पाऊस अंगावर घेतला तरी हवा पंचवीस अंशांच्या आसपास असते. माणूस चिंब होतो, पण गारठत नाही, आणि घरी येऊन डोके पुसून चहा घेतला की भागते. ही वाट जेथे संपते त्या फोर्ट विल्यम गावात वर्षभराचा पाऊस मोजला तर तो रत्नागिरीहून कमीच भरेल. मात्र तो बाराही महिने येत राहतो, उघड्या माळावर वाऱ्याबरोबर आडवा लागतो आणि उन्हाळ्यातसुद्धा दहा-बारा अंशांच्या हवेत पडू शकतो. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की अंगातली ऊब झपाट्याने जाते; प्रथम हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळू लागते, पावले भलतीकडे पडू लागतात, आणि त्या माणसाला स्वतःला हे उमगतही नाही. यासाठी तापमान शून्याखाली जावे लागत नाही. म्हणून सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवा. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वरून पाणी न शिरणारे जाकीट आणि तशीच विजार, आणि पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा जोड, जो मुक्कामाला पोहोचेपर्यंत सोडायचा नाही, एवढे प्रत्येकाजवळ हवेच. छत्रीचा तेथे उपयोग नाही.

१९८० साली खुली झालेली ही वाट ९६ मैलांची, म्हणजे सुमारे १५४ किलोमीटरची आहे. ती ग्लासगोच्या उत्तरेकडील ज्या गावातून निघते, त्याचे स्पेलिंग वाचून ‘मिल्नगावी’ म्हणावेसे वाटते, पण स्थानिक उच्चार ‘मलगाय’ असा आहे; रेल्वेत विचारताना हा लक्षात ठेवा. तेथून वाट लॉख लोमंड या विस्तीर्ण सरोवराच्या पूर्व काठाने जाते, पुढे रॅनॉख मूर या दलदलीच्या माळाच्या कडेने, ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ ही सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरची खिंड ओलांडून, बेन नेव्हिस या डोंगराच्या पायथ्याशी फोर्ट विल्यमला संपते. आकड्यांत ही चढण आपल्या सह्याद्रीपुढे किरकोळ वाटेल, आणि चढणीने दमायला होत नाही हे खरेही आहे. दमवतात ते सलग दिवस आणि ओली जमीन.

सात दिवसांत चालणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यात टिंड्रम ते किंग्जहाऊस हा ३० किलोमीटरचा टप्पा एकाच दिवशी पडतो. आपण तो मधल्या ब्रिज ऑफ ऑर्की या मुक्कामी तोडावा, वाटेत एक दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि एकूण नऊ दिवस धरावेत. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट चालणाऱ्याचा आहे, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. लॉख लोमंडच्या उत्तर टोकाला, रोअर्डेनन ते इनव्हरार्नन या टप्प्यात, खडक आणि झाडांची मुळे यांतून वाट काढावी लागते. तेथे २२ किलोमीटरला सात-आठ तास लागले तर नवल मानू नका.

आता महिना. चालणाऱ्यांना सर्वांत प्रिय महिना मे आहे, कारण तेव्हा पाऊस तुलनेने कमी असतो. पण मे महिन्यात बागायतदाराला बाग सोडून जा असे सांगणे निरर्थक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मिज’ नावाच्या चिलटांहून बारीक चावऱ्या माश्यांचे थवे उठतात. वारा पडलेल्या दमट संध्याकाळी त्या माणसाला उभे राहू देत नाहीत. तेव्हा माझा सल्ला असा, की गौरीगणपती आटोपल्यावर आणि भातकापणीला हात घालण्यापूर्वी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावे. मिज तोवर ओसरू लागलेल्या असतात, नेचे तांबूस होऊ लागतात आणि डोंगरात सांबराच्या कुळातील तांबड्या हरणांच्या नरांचे हंबरणे ऐकू येते. उजेड मात्र बाराच तास असतो, म्हणून सकाळी आठच्या आत निघण्याचा नियम पाळावा.

तयारी येथेच करता येईल. पावसाळ्यात, उघडीप पाहून, निसरड्या पाखाड्या आणि कातळसडे तुडवा. पाठीवर सहा-सात किलो वजन असू द्या. एखाद्या शनिवार-रविवारी सलग दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चाला, कारण पायांची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. खेड तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड यांची जोडवाट, पाऊस ओसरल्यावर आणि वाटाड्या सोबत घेऊन, केलीत तर उत्तम. बूट याच काळात ओले-कोरडे होऊन पायाला बसले पाहिजेत. नवे कोरे बूट घालून मलगायला उतरू नये.

गोचिडींविषयी सिंधुदुर्गात वेगळे सांगायला नको. दोडामार्गकडच्या माकडतापाने आपल्याला ते शिकवले आहे. तिकडे त्यांच्यापासून लाइम नावाचा जिवाणूजन्य रोग होतो. रोज मुक्कामावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत तपासा, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

वाटेवर खुणांचे खांब आहेत, तरीही कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवा. मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी मिळत नाही. संकटात ९९९ किंवा ११२ वर पोलिसांना सांगून पर्वतबचाव पथक मागवावे. हे स्वयंसेवक पैसे घेत नाहीत. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा फुंकरींचा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना आहे. मात्र मार्च ते सप्टेंबर लॉख लोमंडच्या पूर्व काठावर ठरावीक पट्ट्यात तंबूसाठी परवाना लागतो. आपल्या वयाला मी तंबू सुचवणार नाही. मोठे सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचवणारे व्यावसायिक आहेत. पाठीवर फक्त दिवसाची पिशवी राहील. खाऊ नेताना तूप, खवा, पेढे टाळा, दुग्धपदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. आंबापोळी आणि भाजलेले पोहे पुरेत.

क्रम असा ठेवा : इनव्हरार्नन, ब्रिज ऑफ ऑर्की आणि किंग्जहाऊस येथे खाटा मोजक्याच असतात, त्यामुळे मुलाकडून आधी त्या तीन ठिकाणच्या तारखा, शक्य तर रद्द करता येतील अशा अटीवर, पक्क्या करून घ्या आणि बाकीचे मुक्काम त्यांच्या मागेपुढे बसवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धासाठी तो जूनच्या अखेरीस करावा.