गौरी तीनच दिवस का, तर ऐक

मनू,

काल झोपताना तू विचारलंस ना, की गणपती दहा दिवस राहतो मग गौरी तीनच दिवस का, ती मुलगी आहे म्हणून का? मी "झोप आता, उद्या सांगते" म्हटलं कारण मलाच पटकन काही सुचेना. आत्ता ऑफिसात डबा खाता खाता लिहितेय, जमेल तसं वाच, अडलं तर बाबाला विचार.

आधी पंचांगाचं सांगते. आकाशात चंद्राची जी वाट आहे तिचे आपल्याकडे २७ भाग पाडलेत, त्यांना नक्षत्रं म्हणतात, आणि एकेका नक्षत्रात चंद्र साधारण एक दिवस असतो. भाद्रपदात गणपती बसले की पुढे चंद्र अनुराधा नक्षत्रात आला की गौरी आणायची, ज्येष्ठा नक्षत्रावर तिचं जेवण आणि मूळ नक्षत्रावर तिची पाठवणी. झाले तीन दिवस. म्हणून तर ती ज्येष्ठागौरी. आणि म्हणूनच मी दरवर्षी भारतातल्या कॅलेंडरवरच्या वेळेतून आपली इथली वेळ काढायला साडेचार तास वजा करत बसते, तू हसतेस ते. गणपतीचं तसं नाही, दीड दिवस, पाच, सात, दहा, ज्याच्या घरची जी रीत असेल ती. आपल्या साताऱ्याच्या घरी तो गौरीबरोबरच जातो, म्हणजे दहा दिवस आपल्याकडे तोही नसतो! ते दहा दिवसांचे तू मुंबईच्या मंडळांच्या व्हिडिओत बघितलेस.

पण तुला नक्षत्रं नकोच होती, माहितेय मला. तर गौरी ही माहेरवाशीण. म्हणजे लग्न होऊन गेलेली लेक, जी थोडे दिवस आईच्या घरी आलीय. पूर्वी सासरी गेलेल्या मुलींना मनात आलं की माहेरी जाता यायचं नाही, कुणीतरी न्यायला यावं लागायचं, सासूने हो म्हणावं लागायचं, आणि मग मिळायचे ते दोन-चार दिवस. त्यामुळे तुझा संशय अगदीच चुकीचा नाहीये.

मग त्या तेवढ्या दिवसांत तिचे लाड किती करायचे याला मात्र धरबंध नाही. आल्या दिवशी नुसती भाजी-भाकरी, कारण माझी आजी म्हणायची, "लांबून दमून आलीय गं पोर, पोटाला हलकं दे." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या. आजी बोटांवर मोजायची आणि दरवेळी चौदालाच गाडी अडायची, मग कढीपत्त्याची आणि कोथिंबिरीची पण भाजीच धरायची. जाताना दहीभात. नागपूरकडे हिलाच महालक्ष्म्या म्हणतात, तिथे ज्वारीची आंबील हवीच. कोकणात बऱ्याच घरी तेरड्याची रोपं आणून त्यांचीच गौर करतात, काही घरांत तर नदीवरचे खडे, आणि काही घरांत तिला चक्क मटणाचा नैवेद्य असतो. मला ते फार आवडतं. आलेल्या लेकीला तिच्या आवडीचंच वाढणार ना कुणीही!

आणि हो, ती आली की तिला घर दाखवायचं. दारापासून रांगोळीची पावलं, एकजण ताट वाजवणार, एकजण विचारणार "गौरी आली, कशाच्या पावली आली?" बाकीच्यांनी ओरडायचं "सोन्याच्या पावली!" मग स्वयंपाकघर, धान्याची कोठी, तिजोरी असं सगळं फिरवायचं. मागच्या वर्षी तू तिला डिशवॉशर दाखवलास, वायफायचा पासवर्ड सांगितलास आणि वर बाथरूमपण दाखवलीस, बाबा हसून हसून खाली बसला, पण मला ते बरोबरच वाटलं, पाहुण्याला पहिलं तेच लागतं.

तीनच दिवसांहून अनफेअर गोष्ट सांगू? गौरीचं सगळं बायकांनीच करायचं, पण त्यातही ज्यांचा नवरा गेलाय त्यांनी हळदीकुंकवाला हात लावायचा नाही असं खूप घरांत होतं, अजूनही आहे. आजोबा गेले त्या वर्षी तुझी आजी, जिने चाळीस वर्षं गौरी आणल्या, ती आत पुऱ्यांचं पीठ मळत बसली, बाहेर यायलाच तयार नाही. मोठी काकू दोन्ही गौरींचे मुखवटे घेऊन दारात उभी, बाहेर पाऊस भुरभुरतोय, आणि काकू म्हणाली, "आई, तुम्ही ओवाळल्याशिवाय मी पाऊल आत टाकणार नाही." पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकूचा पदर भिजला. शेवटी आजी आली, हाताला पीठ तसंच, आणि त्याच हाताने तिने कुंकू लावलं. ज्येष्ठेच्या, म्हणजे थोरल्या गौरीच्या, कपाळावर कुंकवात थोडं पीठ चिकटलं होतं ते कुणी पुसलं नाही. शेजारच्या एका बाईंनी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या चार खाल्ल्या.

ते मुखवटे म्हणजेच आपल्याकडे आहेत ते. आजीने मला दिले, मी केबिन बॅगेत साडीत गुंडाळून आणले. एअरपोर्टच्या मशीनमध्ये पितळेचे दोन चेहरे दिसल्यावर तिथल्या माणसाने बॅग बाजूला काढली आणि विचारलं हे काय आहे. मला काय बोलावं कळेना, मी म्हटलं, "माय सिस्टर्स." त्याने माझ्याकडे बघितलं, मुखवट्यांकडे बघितलं आणि जा म्हणाला.

बरं, लंच संपला. या वर्षी गौरी उभ्या करायला बाबाचा ट्रायपॉड एकच आहे, दुसरीसाठी काहीतरी शोध. आणि सोळा भाज्यांची यादी तू कर, माझी अकराच्या पुढे जात नाहीये. ब्रोकोली चालेल का विचारत होतीस, चालेल.

आई

ता. क. व्हिडिओ कॉल केलास की आजीला मटणाच्या नैवेद्याचं सांगू नकोस, मी सांगते.