उसना मार्कर आणि हरवलेले अ‍ॅलील

प्रश्न : पॅसिफिक कालवासाठी (ऑयस्टर) बनवलेले मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान तुकड्यांच्या लांबीवरून प्रती ओळखणाऱ्या खुणा) मी दुसऱ्या जातीच्या कालवांवर वापरले. पट्टे छान येतात, पण बरेच नमुने होमोझायगस (आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती सारख्या, म्हणून एकच पट्टा) दिसतात. हे अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातले प्रजनन) मानू का?

उत्तर : इतक्यात नको. कालवांच्या डीएनएमध्ये विविधता प्रचंड असते, अगदी प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटतो तिथेही. तिथला एखादा बेस (डीएनएचे एक अक्षर) बदलला की ती प्रत पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) वाढतच नाही आणि हेटरोझायगस (दोन वेगळ्या प्रती असलेला) जीव होमोझायगस भासतो. हे 'नल अ‍ॅलील' (अ‍ॅलील म्हणजे एकाच जागेच्या डीएनएचे एक रूप; नल म्हणजे तपासणीत न दिसणारे) कालवांत त्याच जातीतही सर्रास सापडते. परक्या जातीत धोका आणखी वाढतो. पोर्तुगीज कालव पॅसिफिकच्या अगदी जवळचे, तिथे बरेच मार्कर चालतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे व्हर्जिनिका कालव मात्र दूरचे.

मी तर नात्यातल्या नमुन्यांवर पारखल्याशिवाय उसना मार्कर वापरतच नाही. आईबाप आणि पिल्ले एकत्र तपासा. बापात फक्त १८० बेस लांबीचा पट्टा आहे आणि काही पिल्लांत १८० मुळीच नाही, तर नल अ‍ॅलीलचा दाट संशय घ्या. मग थोडे नमुने सिक्वेन्स करून (बेसचा क्रम वाचून) प्रायमर नव्याने आखा. सिक्वेन्सिंग कराच, कारण सारख्या लांबीचे पट्टे दोन जातींत वेगवेगळ्या कारणांनीही येतात.