लाइटनिंग नोडमध्ये नवं फीचर घालताना फीचर बिट सम लावावा की विषम?

विषम. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "आमचे लीड म्हणतात सम लावा, नाहीतर कुणी फीचर घेणारच नाही, आणि जुन्या चॅनेलचं काय होईल?" यातलं पहिलं वाक्य वाचून हात शिवशिवले. जवळजवळ याच शब्दांत ते मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात ऐकलंय आणि त्यापायी एक अख्खी सकाळ घालवलीय.

घरच्यांना मी हे लग्नाच्या याद्यांवरून समजावतो. लाइटनिंग म्हणजे बिटकॉइनवर बांधलेलं पेमेंटचं जाळं, नोड म्हणजे त्यातला एक संगणक, चॅनेल म्हणजे दोन नोडांमधली पैशांची वाट, आणि फीचर बिट म्हणजे "मला हे येतं" किंवा "हे लागेलच" सांगणारी खूण. दोन नोडांची ओळख पटली, म्हणजे हँडशेक झाला, की पहिला मेसेज इनिटचाच, टाइप १६. समोरच्याचा इनिट हातात पडेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. दोघं आपापली यादी मांडतात. विषम बिट म्हणजे "जमलं तर बघा", सम बिट म्हणजे "हे नसेल तर आम्ही उठतो". न कळलेला विषम बिट सोडून द्यायचा, न कळलेला सम बिट दिसला की जोडणी तोडायची. निफाडला मामेबहिणीच्या याद्यांना मी हजर होतो. वरमाईला येवल्याची पैठणी, वऱ्हाडाला बस, सगळं हसतखेळत लिहिलं गेलं. मग त्यांच्या एका काकांनी कसल्याशा मानाचं नाव घेतलं, जे आमच्याकडे कुणी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि म्हणाले, "ते आमच्यात लागतंच." मामांनी चहाचा कप बशीसकट खाली ठेवला आणि उभे राहिले. द्यायचं नव्हतं असं नाही, द्यायचं काय तेच कळेना. अनोळखी सम बिट पाहून समोरचा नोडही हेच करतो.

तर आमचं काय झालं ते सांगतो. बाहेरच्या क्लायंटसाठी आम्ही चौघं एका नोडवर काम करत होतो. त्यांना दोन नोडमध्ये चालणारा स्वतःचा एक जादा मेसेज हवा होता. त्यासाठी लांबचा, मोकळा दिसणारा बिट घ्यायचा ठरलं, ४००-४०१ ची जोडी, त्यातला सम सक्तीचा आणि विषम ऐच्छिक. मी म्हटलं ४०१. आमचे लीड, म्हणजे सर, म्हणाले ४००. "ऐच्छिक लिहिलं की लोक मनावर घेत नाहीत. हेल्मेटचं बघ." हेल्मेटचा युक्तिवाद मला आजही पटलेला नाही. हेल्मेट काय हे सगळ्यांना माहीत असतं, आमचा बिट ४०० माहीत असलेले जगात चौघेच होते आणि ते एकाच टेबलावर मिसळ खात होते.

गुरुवारी रात्री टेस्टनेटवरच्या (खोट्या पैशांच्या सराव-जाळ्यावरच्या) नोडवर नवं बिल्ड चढवलं. शुक्रवारी दुपारी क्लायंटला डेमो. सकाळी येऊन पाहतो तर एकही पीअर, म्हणजे जोडलेला दुसरा नोड, नाही. लॉगमध्ये चारच ओळींचं पालुपद: जोडणी झाली, इनिट गेला, इनिट आला, जोडणी तुटली. पुन्हा पहिल्यापासून. नोडचं सॉफ्टवेअर एलएनडी असो, कोअर लाइटनिंग असो, एक्लेअर असो, सगळ्यांनी एकाच शिस्तीत दार लावलं होतं. आमची यादी ५१ बाइटची झालेली, कारण बिट ४०० मावायला तेवढे बाइट लागतातच. अगदी पुढे एक बिट पेटलेला, मग शून्यांची रांग आणि शेपटाला रोजचे बिट. चॅनेल बंद झाले नव्हते, पण पीअरच नसल्यावर ते नुसते पडून. आणि हे टेस्टनेट म्हणून निभावलं. खऱ्या पैशांवर वाटेत एखादं पेमेंट अडकलेलं असतं आणि त्याची मुदत संपत आली असती, तर समोरच्याने सरळ बिटकॉइनच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) जाऊन चॅनेल मोडला असता.

सरांचं पहिलं वाक्य: "समोरच्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे." सगळ्यांचं, एकाच रात्रीत?

मी ४०० चं ४०१ केलं. एक आकडा. अर्ध्या तासात पीअर परतले. आमच्या दोन नोडांत नवा मेसेज चालू, बाकीच्यांशी पूर्वीसारखं. डेमोत सरांनी याला स्लाइडवर "कंपॅटिबिलिटी मोड" असं नाव दिलं. मी काही बोललो नाही. आता बोलतोय.

सम करायचाच असेल तर आधी जग त्या बिटाशी जुळलेलं हवं. पेमेंट सीक्रेटची, म्हणजे पैसे घेणाऱ्याने इनव्हॉइसमध्ये दिलेल्या गुपिताची, १४-१५ ची जोडी बघा. आधी १५ लावून सगळीकडे पसरू दिलं, मग लोकांनी १४ केलं, आणि आता तर लाइटनिंगच्या नियमावलीत ते गृहीतच धरलंय. तिथे सक्तीला कारण होतं. ते गुपित नसलं तर वाटेतला नोड पुढच्याला टोचून पाहू शकतो की पैसे घेणारा तूच का. तुमच्या फीचरला असं कारण आहे? नसेल तर लीडना हेच विचारा. इनव्हॉइसमध्ये किंवा नोडच्या जाहीर घोषणेतही सम बिट गेला, तर ज्यांना तो कळत नाही ते तुमचं इनव्हॉइस भरणार नाहीत आणि तुमच्या नोडमधून पेमेंटही वळवणार नाहीत. लासलगावला कांदा आणून गोणीवर परक्या लिपीत भाव लिहिण्यासारखं आहे ते.

इंग्रजीत या नियमाचं ब्रीदच आहे, "इट्स ओके टू बी ऑड". ऑड म्हणजे विषमही आणि विक्षिप्तही. मराठीत ही कोटी जमत नाही.

आता प्रामाणिकपणे एक. त्याच महिन्यात माझाही एक घोळ होता. बिट उजवीकडून मोजायचे असतात, सगळ्यात शेवटचा तो बिट ०. समोरचा यादीत हेक्समध्ये (एक आकडा म्हणजे चार बिट) ०२२२ पाठवतो तेव्हा त्याचे बिट १, ५ आणि ९, तिन्ही विषम. मी डावीकडून मोजले आणि मला ६, १० आणि १४ दिसले, तिन्ही सम. बाइट पूर्ण आठचे असल्याने उलट मोजलं की प्रत्येक विषम सम होतोच. बिचारा ऐच्छिक म्हणत होता, मी सक्ती वाचून त्याला हाकलत होतो. ते सरांनी पकडलं, मी नाही. त्यामुळे सर अगदीच चुकीचे होते असं नाही. बिट ४०० च्या बाबतीत मात्र होते.

दुसऱ्या फीचरवर अवलंबून असणारे बिट विसरू नका: ९ शिवाय १५ नाही, १५ शिवाय १७ नाही. जोडीतले दोन्ही एकत्र लावू नका. रिलीजआधी रेगटेस्टवर (आपल्याच मशीनवरच्या खाजगी सराव-जाळ्यावर) निदान दोन परक्या इम्प्लिमेंटेशनशी जोडून पाहा. स्वतःच्याच दोन नोडांत सगळं चालतं, आमचंही चालत होतं.

जुन्या चॅनेलचं विचारलंत: चॅनेल उघडताना जो प्रकार ठरला तोच राहतो, नंतर इनिटमध्ये कितीही नवे बिट आले तरी. पूर्वी तो प्रकार दोघांच्या इनिटवरून अंदाजाने ठरायचा, आता उघडतानाच चॅनेल टाइप स्पष्ट पाठवतात. त्यात बिट सम असतात, कारण ती मागणी नसते, ठरलेली गोष्ट असते. समोरच्याला नको असेल तर तो चॅनेल नाकारतो, जोडणी शाबूत राहते. तुमचं फीचर चॅनेलच्या व्यवहाराचा आराखडा बदलतं की नुसता एक मेसेज वाढवतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता मेसेज असेल तर त्याचा टाइप नंबरसुद्धा विषम घ्या, तिथेही हाच नियम आहे.