नाव घेतल्यानंतरचं काम

प्रिय मित्रा,

तुमच्या प्रार्थनागटात दर आठवड्याला जगातल्या एका मानवी हक्क कार्यकर्त्याचं नाव घेतलं जातं, हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘त्याने तिकडे काही फरक पडतो का?’ असं तू विचारलं आहेस. पडू शकतो. पण नाव घेऊन झाल्यावर त्या माणसासाठी तुम्ही कोणतं काम अंगावर घेता, यावर ते ठरतं.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावं वाचत. चर्चच्या रेडिओवरून ती देशभर ऐकू जात. वर्तमानपत्रांनी दडवलेली बातमी लोकांना तिथे कळायची. 23 मार्च 1980 ला त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितलं, दडपशाही थांबवा. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना त्यांना गोळी घातली. देशातले बहुतेक बिशप तेव्हा त्यांच्या विरोधात होते, हेही विसरू नकोस. स्वतःच्या धर्मबांधवांचा रोष पत्करायची तयारी या कामात ठेवावीच लागते.

चिलीमध्ये हे काम संस्थेच्या शिस्तीने झालं, आणि तुम्हाला शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे असं मला वाटतं. सप्टेंबर 1973 मध्ये लष्करप्रमुख पिनोशेच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि लोकांना घरांतून उचलून नेणं सुरू झालं. कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि ज्यू अशांनी मिळून लगेच एक समिती उभी केली. पिनोशेने ती 1975 च्या अखेरीस बंद करायला लावली. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी 1976 उजाडताच थेट चर्चच्या अखत्यारीत ‘विकारिआ दे ला सोलिदारिदाद’ म्हणजे एकजुटीचं कार्यालय सुरू केलं. तिथे नवरा किंवा मुलगा बेपत्ता झालेली बाई येई. तिला आधी बसवून शांतपणे विचारलं जाई: कधी नेलं, कुठून नेलं, नेताना कुणी पाहिलं? मग तो जबाब टाइप होई, फाइल तयार होई, वकील न्यायालयात अर्ज करी. असे हजारो अर्ज गेले आणि न्यायालयांनी जवळजवळ सगळे फेटाळले. तरी पुढचा अर्ज टाइप होत राहिला. 1990 मध्ये लोकशाही परतली तेव्हा सत्यशोधन आयोगाच्या हाती याच फायली आल्या.

या विकारिआत काम करणारे होसे मानुएल परादा कम्युनिस्ट होते. 1985 मध्ये पोलिसांनी त्यांचं अपहरण करून खून केला. म्हणजे चर्चच्या छत्राखाली एक कम्युनिस्ट माणूस फायली सांभाळत होता. तुमच्या यादीतली बहुतेक नावं तुमच्याच धर्माची असतील, तर ती यादी पुन्हा करा. आपल्या माणसांपुरता कळवळा सगळ्यांनाच येतो.

आता तुमच्याबद्दल. कुणाचंही नाव जाहीर करण्याआधी त्या माणसाला किंवा त्याच्या विश्वासातल्या संस्थेला विचारा. कधी प्रसिद्धीने जीव वाचतो, कधी तीच जिवावर बेतते. हे ओळखणं त्यांच्या हातात असू द्या, तुमच्या उत्साहाच्या नाही. तुरुंगातल्या माणसाची तब्येत, घरच्यांचा पत्ता, वकिलाचं नाव यांतलं काहीही परवानगीशिवाय पुढे पाठवू नका. ऐकीव माहितीची शहानिशा करा, कारण एक चुकीचा तपशील सापडला की सरकार सगळंच खोटं ठरवतं.

पत्र लिहाल तेव्हा त्या देशाच्या दूतावासाला आणि आपल्या खासदाराला लिहा. भाषा सभ्य ठेवा, मागणी एकच असू द्या: वकील भेटू द्या, किंवा औषध पोहोचू द्या. 9 डिसेंबर 1998 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्करक्षकांविषयीचा जाहीरनामा सर्वसहमतीने संमत केला. तो कायद्याने बंधनकारक नाही, पण त्याचा उल्लेख जरूर करा. ज्या गोष्टीला सरकारांनीच मान्यता दिली, तिची त्यांना आठवण करून देण्यात संकोच कसला?

शक्य असेल तेव्हा ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’च्या कामाची माहितीही मिळवा. ही संस्था कुठल्या धर्माची नाही, पण 1981 मध्ये ती स्थापन करणाऱ्यांत गांधीवादी नारायण देसाई होते. धोक्यात असलेल्या कार्यकर्त्यासोबत परदेशी स्वयंसेवक निःशस्त्र वावरतात. हल्ला केला तर जग पाहील, ही जाणीव मारेकऱ्याचा हात रोखू शकते. तुमची पत्रं दुरून तेच काम करतात.

एक आग्रह आहे. दर आठवड्याला नवं नाव घेणं थांबवा. एकच माणूस निवडा आणि सुटका होईपर्यंत, किंवा निदान वर्षभर, त्याला सोडू नका. घरच्यांना सणावाराला दोन ओळी पाठवा, सुनावणीची तारीख वहीत लिहा, त्या दिवशी प्रार्थना करा आणि निकाल काय लागला ते विचारा. नाव ठरलं की कळव. दूतावासाच्या पत्राचा मसुदा पाठवलास तर मी वाचून देईन.

तुझा,
जुना सहकारी